टिपा लिहा, कोणत्याही दोन

बोरकुटे सरांचं अक्षर लागायला आठवडा गेला.
'दमन'चं मी 'दमण' केलं होतं,
आणि 'अबोध मन'चं 'अबोल मन'.
सर म्हणाले, चूक आहे.
मग चष्मा काढून म्हणाले,
राहू दे जरा वेळ, पाहतो.

मे महिना. बर्डीच्या गल्लीत सेहेचाळीस अंश.
कूलरची टाकी दर दोन तासांनी भरायची,
वाळ्याचा वास, टोनरचा वास,
आणि पडद्यावर, बी. ए. भाग दोनची पोरं
काठावर पास होतील एवढं मानसशास्त्र.

सर एकेक माणूस दोन ओळींत बसवत.
व्हिएन्नाचा डॉक्टर, त्याच्याकडे लोक आडवे होऊन बोलत.
रशियातला एक, घंटा वाजवून
कुत्र्यांच्या तोंडाला पाणी आणणारा.
आणखी एकाला म्हणे खोक्यातल्या कबुतरांत
सगळं जग कळलं.
"घंटा कायले लागे जी त्याले?" मी विचारलं.
तेवढ्यात खाली कुल्फीवाला टणटण करत आला.
सरांनी पेन ठेवला, खिसा चाचपला,
आधी कांदा निघाला, लू लागू नये म्हणून ठेवलेला,
मग वीसची नोट.
"अभिसंधान," ते म्हणाले. "लिही.
अन् दोन सांग त्याले."

प्रक्षेपण : आपल्या मनातलं दुसऱ्याच्या नावावर खपवणं.
हे आमच्या घरमालकिणीला न शिकता येतं.
युक्तीकरण : जे करवत नाही
त्याला बरं दिसेल असं कारण शोधणं.
इथं माझी बोटं थांबली.
कामठीला जायचं दिवाळीपासून राहिलंय.
कारण दुकान. कारण ऊन.
कारण तिच्या घरचे फोनवर फार गोड बोलतात.

टीप सतरा. अर्जित असहायता.
कुत्र्याला बांधून झटके दिले, सुटका नव्हती.
मग दुसऱ्या पेटीत मोकळं सोडलं.
मध्ये बुटकी फळी, उडी मारली की संपलं.
तो मारत नाही.
निजतो. कण्हतो.
गुण दोन.

बहिणीला कुत्र्याच्या जागी बसवू नये,
कळतं मला.
पण कुंदा कस्तुरचंद पार्कचं रेलिंग
फ्रॉक न फाडता ओलांडायची.
आता म्हणते, "दार तं उघडंच रायते वो ताई,
पण जाऊ कुठी?"
आणि मागून भांडं आपटल्याचा आवाज येतो
आणि ती म्हणते, मांजर असंल.
त्यांच्याकडे मांजर नाही.

सरांच्या कागदावर सतराव्या टिपेखाली
आणखी एक ओळ होती, काट मारलेली :
'शेवटी फळी काढली, तरी पट्ट्याला धरून
ओढत पलीकडे न्यावं लागलं.
एकदा नेऊन भागलं नाही, पुष्कळदा.
मग तो आपला आपण जाऊ लागला.'
बाजूला बारीक अक्षरात : विस्तार नको.

मी ओळ टाइप केली.

प्रूफ वाचताना सरांची पेन्सिल तिथं अडली.
"हे मी काटलं होतं."
"हो."
"पान वाढते अशानं."
"वाढू द्या."
कूलर घरघरत राहिला.
कोणासाठी, हे त्यांनी विचारलं नाही,
चाळीस वर्षं दुसऱ्यांना बोलतं करायला शिकवलेला माणूस.
फक्त म्हणाले, "शटर मी पाडतो. किल्ली कुठी ठेवू?"
आणि मी दुपट्टा तोंडाला गुंडाळत असताना
खिशातला कांदा काढून माझ्या पर्समध्ये टाकला.

बस रिकामी, सीट तव्यासारखी तापलेली.
आज ती यायची नाही.
चहा करील, पदर सारखा करील,
दारापर्यंत पोचवायला येईल
आणि उंबऱ्याच्या आतच थांबेल.
माहीत आहे.
ओळीत 'पुष्कळदा' लिहिलेलं आहे.

कंडक्टरनं विचारलं, किती?
जातानाचं एक द्या, मी म्हटलं.
येतानाचं येताना पाहू.